म्हैस कुणाशी बोलते?

व्हिडिओ चढवताना साइट दर वेळी एक प्रश्न विचारते. हा व्हिडिओ मुलांसाठी आहे का? खाली दोन गोल असतात, एक ‘हो’चा, एक ‘नाही’चा. एकावर बोट ठेवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

चार वर्षं मी दर रविवारी ‘नाही’वर बोट ठेवत आलो. कार्टून होतं. त्यात बोलणारी म्हैस होती, तिचं रेडकू होतं, कडुनिंबाचं झाड होतं, आणि तरीही ‘नाही’. कारण अगदी साधं होतं. ‘हो’ म्हटलं की साइट त्या व्हिडिओखालच्या कॉमेंट बंद करून टाकते. मुलांच्या भल्यासाठी असतं म्हणे ते. आणि मला कॉमेंटशिवाय चैन पडत नव्हतं.

माझं जळगावात फ्लेक्स छापायचं दुकान आहे. भावी अमुक आणि कार्यसम्राट तमुक यांचे गॉगल लावलेले चेहरे दिवसभर कापायचे, ढगांवर चिकटवायचे, खाली शुभेच्छुकांच्या तीस मुंडक्यांची रांग लावायची. त्यात एखादं मुंडकं जरा लहान दिसलं की त्याचा फोन येतो. अशा कामात माणसाचा स्वभाव चिडका होतो, माझा तर मुळातच होता. त्याच कॉम्प्युटरवर फावल्या वेळात मी म्हैस काढली, ती माझ्या मुलीसाठी.

मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. माझी आई नरडाण्याजवळच्या आमच्या गावी राहते आणि अहिराणीशिवाय दुसरं काही बोलत नाही. फोनवर आई विचारायची, “काय करी ऱ्हायनी बेटा?” आणि पोरगी “हं?” करून फोन माझ्या हातात द्यायची. आजी आणि नात यांच्यामध्ये मी दुभाष्यासारखा उभा. मला भयंकर राग यायचा, आणि खरं सांगायचं तर तो स्वतःचाच यायचा, कारण घरात पोरीशी अहिराणीत मी कधी बोललोच नव्हतो. शाळेत हसतील म्हणून. मग वाटलं, सगळी पोरं कार्टूनमधून हिंदी शिकतात, तर ही अहिराणी का नाही शिकणार? म्हशीला आईचा आवाज द्यायचा ठरलं. रेडकाला मुलीचा तो “हं?” दिला. एकदाच रेकॉर्ड केला आणि प्रत्येक भागात तोच वापरला.

आई गावातल्या अंगणवाडीत मदतनीस होती. पंचवीसेक वर्षं तिने पोरांना खिचडी वाढली, नाकं पुसली आणि गोष्टी सांगितल्या. त्यामुळे रेकॉर्डिंगला मी गावी गेलो की ती अंगणवाडीत निघाल्यासारखी तयार व्हायची. तोंड धुवायची, डोक्यावर पदर घ्यायची, पंखा बंद करायला लावायची, कोंबड्या हाकलायची. मग समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बघून तीन टाळ्या वाजवायची. अंगणवाडीत पोरं गप्प बसावीत म्हणून वाजवत असे, तशाच. टप, टप, टप. त्यानंतरच म्हैस बोलू लागायची. मी तिला शंभरदा सांगितलं, माय, समोर कोणी नाही, नुसता मोबाइल आहे. पण टाळ्यांशिवाय तिचं तोंड उघडतच नसे. घरी आलो की मी त्या टाळ्या कापून टाकायचो.

प्रत्येक वेळी निघताना ती विचारायची, “पोरे देखतस ना रे?”

“देखतस माय. बठ्ठा देखतस.”

सगळी पोरं बघतात, हे खोटं होतं. माझ्या मुलीने पहिला भाग दोन मिनिटं बघितला, “पप्पा, ती काय बोलते?” म्हणाली आणि हिंदीतल्या आपल्या रोजच्या कार्टूनकडे वळली. दुसरा भाग तिने माझं मन राखायला बघितला, एवढं मला कळलं. तिसऱ्यापासून मी दाखवणंच सोडलं. आणि बाहेरची म्हणावीत, तर पोरं बघतच नव्हती. बघत होती ती मोठी माणसं. सूरतच्या कारखान्यातली, वापीची, चाकणची, पुण्यात सोसायटीच्या गेटवर बसणारी. चाळीस वर्षांचे, मिशीवाले बाप्ये एका म्हशीखाली लिहायचे, ‘भाऊ, मायना आवाज आयकीसन डोया भरी उनात.’ दुकानात एखादा भावी नगरसेवक डोकं खाऊन गेला की मी फोन काढून त्या ओळी वाचायचो, आणि मला बरं वाटायचं. इतकं बरं मला दुसऱ्या कशानेही वाटत नव्हतं, हे मी आज कबूल करतो.

आता या मोठ्या माणसांचं एक होतं. त्यांना म्हैस आवडायची, पण ती त्यांना जरा गुळमुळीत वाटायला लागली. ‘जरा तिखट बोलू द्या हो म्हशीला. आमची माय अशी कुठे बोलायची? ती दोन शिव्या हासडल्याशिवाय भाकर द्यायची नाही.’ असं दहा जणांनी लिहिलं, मग शंभरांनी. मी आईला सांगून बघितलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला. पोरांसमोर वाईटसाईट बोलायचं नाही, हा तिचा नियम. तिच्या हिशोबी समोर पोरं होती.

मे महिन्यात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायच्या दिवशी मी गावी होतो. ज्वारीच्या पिठाचा घाटा पहाटेच शिजवतात आणि ऊन चढायच्या आत ओल्या फडक्यावर थापून वाळत घालतात. गल्लीतल्या सात-आठ बाया आमच्या अंगणात जमल्या होत्या. हात घाट्यात आणि तोंडं मोकळी. त्या वेळी पुरुषांनी तिकडे फिरकायचं नसतं, कारण तिथे नवरे, दीर, सासवा, सगळ्यांचं पीठ निघतं. मी ओट्यावर होतो, भिंतीच्या आड. खिशातला मोबाइल चालू करून ठेवला होता, पार्श्वभूमीला अंगणाचे आवाज मिळावेत म्हणून. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

आई रंगात आली होती. विषय निघाला माझ्या काकूचा, म्हणजे आईच्या धाकट्या जावेचा. काका-काकू तीस वर्षांपासून सूरतेला असतात.

“तिना नखरा देख,” आई म्हणाली. “इकतना बिबडा लयी उनी, गच्चीवर पसारी दिनात, आन शेजारनीसले सांगस, मी अंधारामा उठीसन घाटा हाटा! हातना बिबडा इतला गोल ऱ्हातस का वं?”

विकतचे बिबडे हातचे म्हणून मिरवणारी काकू डोळ्यांपुढे आली आणि बाया हसून हसून फडक्यांवर पडल्या. त्यानंतर आईने काकूला लावलेली दोन विशेषणं मी इथे लिहीत नाही. कार्टूनमध्ये मात्र मी ती ठेवली.

दोन महिने ते रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये पडून होतं आणि दोन महिने मी त्याला हात लावला नाही. श्रावण लागायच्या सुमारास एका रविवारी माझ्याकडे चढवायला नवं काही नव्हतं. मी दुसरी एक म्हैस काढली, तिला गॉगल लावला, भावी नगरसेवकाचाच, आणि आपल्या म्हशीच्या तोंडी आईचं अंगणातलं बोलणं घातलं. नाव कोणाचंच नव्हतं. सूरतवाली म्हैस, एवढंच. साइटने प्रश्न विचारला, मी ‘नाही’ म्हटलं. त्या दिवशी तरी ते उत्तर खरं होतं.

संध्याकाळपर्यंत फोन तापला. ‘हीच ती!’ ‘आता म्हैस बोलली!’ लोक तो तुकडा घरच्या ग्रुपवर पाठवत होते, फटफटीवर बसून ऐकत होते. तिसऱ्या दिवशी सूरतेहून चुलत भावाचा फोन आला, काकूच्याच मुलाचा. तो चॅनेलचा पहिल्यापासूनचा भक्त. हसता हसता त्याला ठसका लागला होता. “भाऊ, काय म्हैस बोलनी रे! आम्ही बठ्ठा रोटले येतस. मोठी मायले मी स्वतः दखाडसू.”

मोठी माय म्हणजे माझी आई, आणि ‘बठ्ठा’त काकूही आली.

रोट म्हणजे कानबाई. श्रावणात आमच्याकडे कानबाई ही देवी बसते तेव्हा कुठे कुठे पांगलेली सगळी भाऊबंदकी गावी येते. घरातल्या माणसांच्या नावाने गहू निघतात, त्याच पिठाचे रोट होतात आणि ते भाऊबंदकीतल्या प्रत्येकाने खायचे असतात. रोट न खाता रागाने कोणी उठून गेलं, तर ते घराला लागतं, असं आई मानते. मी मानतो की नाही, याला तिथे किंमत नाही.

कानबाईला पाच दिवस होते. पाच दिवसांत मी तो व्हिडिओ काढून टाकू शकत होतो. रोज सकाळी दुकानाचं शटर वर करताना ठरवायचो की आज काढतो. मग कॉमेंट वाचायला बसायचो आणि संध्याकाळ व्हायची. स्वतःशी वाद घालायचो की आता काढून तरी काय उपयोग, लोकांच्या फोनमध्ये तर तो गेलाच. भावाला फोन करून मोकळेपणाने सांगावं, तर त्यालाच कळायचं की ती गॉगलवाली म्हैस त्याची आई. बायकोला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “आईंना आधीच सांगा.” तेही मी केलं नाही.

रविवारी दुपारी गावच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. चुलीवर पुरण शिजत होतं, कानबाईपुढे फुलांचे हार पडले होते, सूरतेची मंडळी नुकतीच उतरली होती. आई आणि काकू शेजारी शेजारी बसून अळूची पानं पुसत होत्या आणि कोणाच्या तरी बाळंतपणाबद्दल बोलत होत्या. मी भावाला दोनदा बाहेर बोलवायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्याला कोणी ना कोणी मिठी मारायला आलं. तिसऱ्यांदा मी दारात पोचलो तेव्हा त्याने खिशातून छोटा स्पीकर काढला होता.

“मोठी माय, आयक! तू सूरतमा कितली फेमस शे ते आयक!”

आणि आईचा आवाज आईच्याच घरात घुमला.

सगळे हसले. काकूसुद्धा हसली, सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने. आई तेवढी हसली नाही. तिच्या हातातलं अळूचं पान तसंच राहिलं. तिची नजर स्पीकरवरून माझ्याकडे आली, आणि मी दाराच्या चौकटीकडे बघू लागलो. ‘हातना बिबडा इतला गोल ऱ्हातस का वं’ इथपर्यंत आलं तेव्हा काकूचं हसू अर्ध्यात थांबलं. मग ती दोन विशेषणं आली. भाऊ अजून हसतच होता, त्या बिचाऱ्याला काहीच कळलं नव्हतं.

काकूने हातातली पानं खाली ठेवली. “त्या बिबडा मनाच ना, अक्का?”

स्पीकरमधून रेडकू म्हणालं, “हं?” चार वर्षांच्या माझ्या मुलीचा आवाज.

काकू उठली. तिने आपली पिशवी उचलली आणि काकांना म्हणाली, गाडी काढा. काका गोंधळून इकडेतिकडे बघायला लागले. आतल्या खोलीत रोट झाकून ठेवलेले होते, आणि घरातल्या प्रत्येक बाईची नजर त्या दाराकडे गेली. मी त्या वेळी बोलायला हवं होतं. माझीच चूक आहे, मी चोरून रेकॉर्ड केलं, आईला माहीतही नाही, एवढी तीन वाक्यं. पण वीस माणसं माझ्याकडे बघतील या भीतीने मी गप्प राहिलो. बेचाळीस वर्षांचा माणूस, आणि मी गप्प राहिलो.

आई उठली, काकूच्या समोर गेली आणि वाकली. मोठी जाऊ धाकटीपुढे वाकते असं मी आमच्या घरात कधी बघितलं नव्हतं. “मीच बोलनू,” आई म्हणाली. “चुकनं मनं. तू धाकली शे, तरी तुना पाय धरस. पन रोट टाकीसन जाऊ नको.”

माझं नाव तिने घेतलं नाही. चोरीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

काकूने पाय मागे घेतले. “उठा अक्का,” म्हणाली, पण पिशवी खाली ठेवली नाही. संध्याकाळी तिने रोटाचा एक घास मोडून खाल्ला, कानबाईला नमस्कार केला आणि आईकडे न बघता गाडीत जाऊन बसली. भाऊ जाताना मला म्हणाला, “भाऊ, तू माले आधी सांगाले जोयजे व्हतं.” त्याचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी कानबाई उठली, विसर्जन झालं, पाहुणे पांगले. ओट्यावर आई, माझी मुलगी आणि मी उरलो. आईने नातीला जवळ ओढलं.

“बेटा, तू देखस ना मनी म्हैस?”

मुलीने माझ्याकडे बघितलं. ती आता आठ वर्षांची आहे, आणि खोटं बोलायचं की नाही हे ती माझ्या तोंडावरून ठरवू पाहत होती. मी काहीच खूण केली नाही.

“मला नाही कळत आजी ती काय बोलते,” ती हळूच म्हणाली. “पप्पांच्या दुकानातले काका लोक बघतात.”

आईने मान हलवली. ती नातीच्या केसांतून हात फिरवत राहिली. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, “त्या दिन मी टाया वाजाड्यात का रे?”

मी हातातला मोबाइल खिशात घातला.

“मी पोरेससंगे बोलस,” ती म्हणाली. “मोठासले कसाले सांगू? त्यासले बठ्ठंच येस.”

एवढं बोलून ती आत गेली. तिने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. चार वर्षं ती रिकाम्या भिंतीपुढे पदर घेऊन पोरांशी बोलत होती, आणि भिंतीमागे मी मोठी माणसं आणून बसवली होती.

जळगावला परतल्यावर मी तो व्हिडिओ काढून टाकला. तिचं आधी रेकॉर्ड केलेलं एक साधं बोलणं शिल्लक होतं, चिमणीच्या आंघोळीचं. पुढच्या रविवारी ते चढवताना प्रश्न आला आणि मी पहिल्यांदाच ‘हो’ म्हटलं. व्हिडिओखालची जागा बंद झाली. दुकानात दिवसभर मी सवयीने फोन काढत होतो आणि परत ठेवत होतो. दारुड्याची गंमत करतात त्यात काही गंमत नसते, हे मला त्या आठवड्यात समजलं.

चुलत भावाने फोन केला. कॉमेंट काब बंद करी, म्हणून भांडला. “पोरे कोठे देखतस? मना पोरे घरमा गुजराती बोलतस. आम्हीच देखतस. जेवणनी सुट्टीमा डबा उघडीसन आम्ही तुनी म्हैस आयकतस, माहीत शे का तुले?” त्याचंही खोटं नव्हतं. ज्यांना त्या आवाजाची भूक होती, ती ही माणसंच होती. पोरांना ती भूक लागलेलीच नव्हती. मी त्याला म्हणालो, म्हैस आता बोलत नाही रे. त्याने विचारलं, “कधीच नही?”

मी गावी दोन चकरा मारल्या. आईने चहा दिला, भाकरी दिली, शेताचं विचारलं. मोबाइल मी ओट्यावर ठेवला की ती उठून आत जायची. म्हैस संपली, असं मी मनाशी धरलं. आणि सगळ्यात वाईट हे वाटत होतं की मी कापून फेकलेल्या त्या टाळ्यांपैकी एकही माझ्याकडे उरली नव्हती.

परवा जेवायला घरी आलो. शाळा लवकर सुटलेली होती. आतल्या खोलीतून मुलीचा आवाज येत होता. बायकोने ओठांवर बोट ठेवून मला सांगितलं की हे पंधरा दिवसांपासून रोज चाललंय, आईच फोन करतात, आणि तुम्हाला सांगायचं नाही अशी ताकीद आहे.

दार अर्धवट लोटलेलं होतं. पोरगी पलंगावर मांडी घालून बसली होती, समोर बायकोचा फोन, स्पीकर चालू. फोनमधून टप, टप, टप असा आवाज आला. मुलीने पाठ सरळ केली आणि हात मागे घेतले.

“काय वं रेडकू, आज काय खाधं?” म्हैस म्हणाली.

मी वाट बघत होतो त्या “हं?”ची. तो आला नाही.

“पोळी खाधी,” मुलगी म्हणाली. अडखळली, शब्द शोधला, मग एकदम, “आन तू? तू काय खाधं वं म्हैस?”

फोनमधून आईचं हसू आलं. इतक्या वर्षांत तसं हसू मी कधी रेकॉर्ड केलं नव्हतं. म्हैस सांगू लागली, कडबा कसा कडू निघाला, कावळा पाठीवर बसून काय म्हणाला. अर्ध्या गोष्टी पोरीला कळत नव्हत्या. ती थांबवून विचारत होती, आणि म्हैस परत सांगत होती. मी भिंतीला टेकून ऐकत राहिलो. माझे डोळे भरून आले, सूरतवाल्या मिशीवाल्यांचे भरायचे तसेच. आणि माझा हात खिशात गेला. शपथेवर सांगतो, मी तो मुद्दाम घातला नव्हता. हातात मोबाइल कधी आला तेही मला समजलं नाही.

मुलीने मान वळवून माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. ती पलंगावरून उतरली, दाराशी आली आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, “पप्पा, हे मोठ्यांसाठी नाहीये.”

आणि तिने दार लावून घेतलं.